सही कुणाची, वकील कुणाचा?

कबनूरला गेलं की आधी कानावर येतो तो मागांचा आवाज. खटक-खटक, खटक-खटक, रात्रंदिवस. सवय नसलेल्या माणसाचं डोकं उठतं. पण तिथल्या बायकांना हा आवाज थांबला की झोप लागत नाही. "आवाज बंद पडला की काळजात धस्स होतंय बघा," असं तिथल्याच एका वहिनींनी मला सांगितलं. त्यांच्या घरामागच्या शेडमधले आठ माग चार महिने बंद होते.

वहिनी भेटायला आल्या त्या कापडी पिशवी घेऊन. पिशवीत कागदच कागद. पतसंस्थेच्या नोटिसा, बँकेचं पासबुक, बचत गटाची कार्डं, सुताच्या व्यापाऱ्याच्या वकिलाचं रजिस्टर पत्र. त्यातली काही पाकिटं फोडलेलीसुद्धा नव्हती. खुर्चीवर टेकल्या टेकल्या त्यांनी विचारलं, "ताई, नादारीचा चांगला वकील कोण हाय वं? एकजण म्हणतोय सहा महिन्यांत सगळं कर्ज माफ करून देतो. आधी पंचवीस हजार रोख मागतोय."

मैत्रिणींनो, हा प्रश्न एकट्या वहिनींचा नाही. इचलकरंजी, कबनूर, चंदूर, कोरोची हा सगळा पट्टा यंत्रमागावर जगतो. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला आणि पुढं घराघरांत माग आले. त्यातले कितीतरी खर्चीवाले. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, माग आणि वीज आपली, आणि मिळायची ती मजुरी. मंदी आली, मजुरी घसरली की पहिला तडा पडतो तो या घरांना. कांड्या भरणारी, मेंडिंग करणारी बाई त्याच घरात असते. पण कर्जाचा विषय निघाला की तिला म्हणतात, "तुला काय कळतंय त्यातलं?" आणि सही मात्र तिचीच घेतात.

दिवाळं या शब्दाची आपल्याकडं फार भीती. 'पार्टी उठली', 'हात वर केले' असं गाव बोलायला लागलं की माणूस खचतो. कोर्टात जाऊन 'मी नादार आहे' म्हणण्यापेक्षा गाव सोडलेलं बरं, असं वाटणारे आहेत. काहीजण तर त्याहून टोकाचं पाऊल उचलतात. म्हणून आधी हे मनात पक्कं करूया, की नादारी हा गुन्हा नाही. प्रामाणिकपणे धंदा करून बुडालेल्या माणसासाठी कायद्यानंच ठेवलेली ती एक वाट आहे. ती वाट कुणाच्या कामाची आणि कुणाच्या नाही, हे सांगणारा वकील मिळणं मात्र महत्त्वाचं आहे.

कायदा कोणता?

गोंधळ इथंच सुरू होतो. २०१६ साली संसदेनं 'नादारी व दिवाळखोरी संहिता' केली. पेपरात मोठमोठ्या कंपन्यांच्या बातम्या येतात त्या या कायद्याखालच्या. याच संहितेत गरिबांसाठी 'नवी सुरुवात' नावाचीही तरतूद आहे. वर्षाचं उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत आणि स्वतःचं घर नाही, अशा माणसाला कर्जातून सोडवायची. वाचायला छान वाटतं. पण साध्या व्यक्तींसाठीचा हा भाग सरकारनं लागूच केलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून त्यातला काही भाग लागू झाला, तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांसाठी. कबनूरचा खर्चीवाला त्यात बसत नाही.

मग त्याला लागू कोणता? तर १९२० चा, इंग्रजांच्या काळातला प्रांतिक नादारी कायदा. मुंबई शहरासाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे, बाकीच्या महाराष्ट्राला हा. शंभर वर्षांपूर्वीचा असल्यामुळं त्यातले आकडेही त्या काळचे आहेत. कर्ज पाचशे रुपये असलं आणि ते फेडता येत नसलं, तरी अर्ज करता येतो! पूर्ण मुक्ततेच्या कलमात तर अजून 'रुपयाला आठ आणे' असा हिशेब आहे. विनातारण कर्जाच्या निम्म्याइतकीही मालमत्ता उरली नसेल, तर 'हे माझ्या दोषानं झालेलं नाही' असं कोर्टाला पटवून द्यावं लागतं.

म्हणून वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न हाच. "साहेब, माझं प्रकरण कुठल्या कायद्याखाली, कुठल्या कोर्टात चालणार?" जो '२०१६ च्या नव्या कायद्यानं सगळं माफ होतंय' असं सांगेल, त्याला नमस्कार करून उठावं. १९२० च्या कायद्याची प्रकरणं जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीत येतात. अशी प्रकरणं रोज चालत नाहीत, त्यामुळं त्यातला अनुभवी वकील सहज भेटणार नाही. 'मी असं प्रकरण चालवलेलं नाही, पण अभ्यास करून सांगतो, चार दिवस द्या' म्हणणारा वकील चालेल. न वाचताच 'होऊन जाईल' म्हणणारा नको.

नादारीनं काय होतं, काय होत नाही

वहिनींना वाटत होतं की मालकांनी नादारी घेतली की घर सुटलं. तसं नसतं. सोप्या भाषेत सांगते.

कोर्टानं नादार ठरवलं की माणसाची मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. ती विकून देणेकऱ्यांना वाटून देतात. त्यानंतर देणेकरी कोर्टाच्या परवानगीशिवाय त्या माणसावर वसुलीचा नवा दावा लावू शकत नाहीत. कोर्ट एक मुदत देतं आणि त्या मुदतीत मुक्ततेसाठी अर्ज करायचा असतो. तो केला नाही, तर नादारीचा हुकूमच रद्द होऊ शकतो, म्हणजे सगळं मुसळ केरात. ही तारीख वकिलाच्या डायरीत हवी आणि आपल्या कॅलेंडरवरही हवी.

आता काय होत नाही ते ऐका. पतसंस्थेनं किंवा बँकेनं घर, जागा, माग तारण घेतले असतील, तर त्या तारणावरचा त्यांचा हक्क नादारीनं जात नाही. सरकारचं देणं सुटत नाही. फसवून घेतलेलं कर्ज सुटत नाही. बायकोच्या पोटगीचा हुकूम असेल तर तीही सुटत नाही. एखादा नवरा 'मी नादार झालो, आता पोटगी कशी देऊ' म्हणाला, तर हे त्याच्या तोंडावर सांगा. चेक न वटल्याचा खटला फौजदारी असतो, तो आपल्या वाटेनं वेगळा चालतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. नादार माणूस कर्जातून सुटला, तरी त्याच्याबरोबर सही केलेला सहकर्जदार, भागीदार किंवा जामीनदार सुटत नाही. कायद्याच्या ४४व्या कलमात हे स्वच्छ लिहिलेलं आहे. मालक सुटले, तर देणेकरी सही केलेल्या बायकोकडं येणार. बायकोनं नादारी घेतली, तर गटातल्या बाकीच्या बायकांच्या गळ्यात येणार.

मी वहिनींना विचारलं, "यातल्या किती कागदांवर तुमची सही आहे?" त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "सही केलो, वाचलो न्हाई."

पिशवी रिकामी करून आम्ही कागद लावले. पतसंस्थेच्या कर्जाला त्या सहकर्जदार. सरकारी योजनेत बाईच्या नावावर सवलत मिळते म्हणून कारखान्याची नोंदणी त्यांच्याच नावावर, त्यामुळं चालू खातंही त्यांचंच. सुताच्या व्यापाऱ्याला दिलेला चेक त्याच खात्यातला, कोरा, खाली त्यांची सही. वर दोन गटांची कर्जं त्यांच्या एकटीच्या नावावर. मालकांच्या एकट्याच्या नावावर होतं ते फक्त एका खासगी सावकाराचं कर्ज. म्हणजे ज्या मालकांसाठी वकील शोधत होत्या, त्यांच्यापेक्षा जास्त देणं वहिनींच्याच नावावर होतं. मालकांची नादारी करून त्यांना काय मिळणार होतं? सहा महिन्यांत सगळं माफ म्हणणाऱ्यानं हे कागद बघितलेच नव्हते.

वकील दोघांचा की तुमचा?

आपल्याकडं वकील गाठतात तो पुरुष मंडळी. दीर, भाऊ, गावातला पुढारी कुणीतरी नाव सुचवतो. बाई वकीलपत्रावर सही करायला तेवढी जाते. इथं जरा थांबा. नवऱ्याचं आणि बायकोचं हित बहुतेक वेळा एकच असतं, पण कर्जाच्या प्रकरणात ते वेगळंही होऊ शकतं. 'ही सही माझी नाही' किंवा 'मला न सांगता घेतली' असं बाईला म्हणायचं असेल, तर नवऱ्याचा वकील ते कसं मांडणार? तेव्हा वकिलाला सरळ विचारा, "साहेब, तुम्ही ह्यांचे वकील की माझेपण?" नवऱ्यावर अविश्वास दाखवायचा म्हणून नव्हे, हिशेब स्वच्छ ठेवायचा म्हणून हे विचारायचं.

दुसरा प्रश्न याहून अवघड, पण विचारायलाच हवा. "ज्या पतसंस्थेचं माझं कर्ज आहे, तिचं काम तुम्ही करता का?" लहान गावात चांगले वकील मोजकेच. कुणी एखाद्या बँकेच्या पॅनेलवर असतो, कुणी संस्थेचा संचालक, कुणी त्या व्यापाऱ्याचा नातेवाईक. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणं असे संबंध वकिलानं अशिलाला आधीच सांगायचे असतात. एका बाजूला सल्ला दिलेल्या वकिलाला त्याच प्रकरणात दुसऱ्या बाजूनं उभं राहता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून चांगला वकील रागावणार नाही. रागावला, तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

जाहिरात करणारा वकील

हल्ली मोबाइलवर 'कर्जमुक्ती', 'हप्ते बंद', 'वसुलीवाल्यांपासून कायमची सुटका' अशा जाहिराती येतात. खाली काळ्या कोटातल्या माणसाचा फोटो. आपल्या देशात वकिलाला जाहिरात करून काम मिळवायला बंदी आहे. म्हणजे जाहिरात करणारा एकतर नियम मोडतोय किंवा तो वकीलच नाही, एजंट आहे. एजंटाला कोर्टात उभं राहता येत नाही. वकिलाची सनद असते, तिचा नंबर वकीलपत्रावर असतो. महाराष्ट्र आणि गोव्याची बार कौन्सिल ती सनद देते. नंबर विचारायला लाजायचं कारण नाही. सोनाराकडं हॉलमार्क बघतोच की आपण!

फीचंही तसंच. 'जेवढं कर्ज माफ होईल त्यातले दहा टक्के माझे' असा सौदा वकिलाला करता येत नाही, नियमानं तो मना आहे. फी किती, ती कोणत्या टप्प्यावर द्यायची, कोर्ट फी आणि टायपिंगचा खर्च त्यात धरलाय की वेगळा, हे कागदावर लिहून घ्या. पैसे दिले की पावती मागा. नादारीच्या दारात उभ्या राहिलेल्या घरातून पंचवीस हजार रोख, पावतीशिवाय मागणारा माणूस काय कर्जमुक्ती करणार? तो त्या घराचा आणखी एक देणेकरी होतो, एवढंच.

हे सगळं आधी बघायला का सांगते? कारण नंतर दाद मागायची वाट अरुंद आहे. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. फ्रिज बिघडला तर ग्राहक मंचात जाता येतं, वकिलानं काम बिघडवलं तर तिथं जाता येत नाही. गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिलकडं करता येते, पण त्याला वेळ लागतो आणि तोवर आपली तारीख निघून गेलेली असते. एक दिलासा मात्र आहे. फी थकली म्हणून वकिलाला तुमचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच सांगितलंय. वकील बदलायचा हक्क तुमचा आहे. आणि मुळात अस्सल कागद देऊच नका, झेरॉक्स द्या. अस्सल कोर्टात लागेल तेव्हा दाखवायचा.

'बायकोच्या नावावर करून टाका'

हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. शेजारी देतील, मेव्हणा देईल, कधी वकीलही देईल. नादारी घ्यायच्या आधी घर, जागा, गाडी बायकोच्या नावावर करायची आणि मोकळं व्हायचं. या सल्ल्यानं बाईच अडकते. नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत योग्य मोबदल्याशिवाय झालेलं असं हस्तांतर कोर्टाला रद्द करता येतं. मालमत्ता लपवली असं ठरलं, तर कैदेचीही तरतूद आहे. देणेकऱ्यांतल्या एकालाच, म्हणजे मामाला किंवा मित्राला, गुपचूप पैसे देऊन टाकायचे आणि मग नादारी घ्यायची, हेही चालत नाही. तीन महिन्यांच्या आतला तसा व्यवहार रद्द होऊ शकतो. असा सल्ला देणारा वकील हुशार वाटेल, पण आरोपीच्या पिंजऱ्यात तो नसतो, तुम्ही असता.

चांगला वकील उलटं करतो. जे मुळातच तुमचं आहे ते तो आधी वेगळं काढतो. तुमचं स्त्रीधन, म्हणजे माहेरचं सोनं, लग्नात तुम्हाला दिलेल्या वस्तू, यावर नवऱ्याच्या देणेकऱ्यांचा हक्क नाही. स्त्रीधन बाईच्या पूर्ण मालकीचं असतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली ठामपणे सांगितलं. नवऱ्यानं विम्याची पॉलिसी घेताना ती १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली बायको-मुलांसाठी घेतली असेल, तर देणेकऱ्यांना चुकवायच्या हेतूनं घेतलेली नसली की तिच्यावर त्यांना हात टाकता येत नाही. पॉलिसी काढून बघा, फॉर्मवर तसं लिहिलंय का.

जप्तीचा बेलीफ दारात आला की बाया आधी गळ्याला हात लावतात. दिवाणी कायद्याचं साठावं कलम सांगतं की धर्माच्या रीतीप्रमाणं बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, म्हणजे आपलं मंगळसूत्र, जप्त करता येत नाहीत. घरातली गरजेची भांडी, अंथरूण-पांघरूण, कपडे आणि कारागिराची हत्यारं हेही जप्त होत नाही. नादारीतही ही सूट कायम राहते. आणि पैशाच्या दिवाणी हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करून तुरुंगात टाकता येत नाही, ५६ व्या कलमात तशी सरळ मनाई आहे. 'पोलीस घेऊन येतो आणि तुला उचलतो' असं वसुलीवाला म्हणाला तर हे लक्षात ठेवा. चेकचा खटला मात्र वेगळा. तिथं समन्स आल्यावर हजर राहिलं नाही, तर वॉरंट निघू शकतं. म्हणून चेकची नोटीस पिशवीत तशीच ठेवू नका.

आधी तारखा, मग नादारी

वहिनींच्या पिशवीतलं ते रजिस्टर पत्र चेकचंच होतं. येऊन नऊ दिवस झाले होते. अशी नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत, तर खटला दाखल करायची वाट समोरच्याला मोकळी होते. सहा दिवस हातात होते आणि घरात चर्चा चालली होती नादारीची!

प्रत्येक कर्जाची वसुली वेगळ्या वाटेनं जाते आणि प्रत्येक वाटेवर वेगळी मुदत असते. बँकेनं तारणावर ताबा घ्यायची नोटीस दिली, तर साठ दिवस मिळतात. पुढची कारवाई झाली, तर पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडं जावं लागतं, आपल्यासाठी ते पुण्यात आहे. पतसंस्था सहकार कायद्याच्या १०१ व्या कलमाखाली निबंधकांकडून वसुलीचा दाखला काढते. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध पुनरीक्षण मागायचं, तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून दाखला निघायच्या आधी, पहिल्या नोटिशीलाच हजर राहून म्हणणं मांडलेलं बरं. परवाना नसलेल्या सावकारावर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहायक निबंधकांकडं तक्रार करता येते, सावकारानं हडपलेली जमीन परत मिळवायची तरतूदही त्यात आहे. मायक्रोफायनान्सच्या वसुलीवाल्याला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. एका घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत, असंही तिचं बंधन आहे. कंपनीनं तक्रार ऐकली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं.

पाच कर्जं म्हणजे पाच वाटा. चांगला वकील पहिल्या भेटीत या पाचही वाटा कागदावर मांडतो आणि कुठली मुदत आधी संपते ते सांगतो. कुठं तडजोड होईल, कुठं लढायचं, हे तो सांगतो. आणि 'ताई, तुम्हाला नादारीची गरजच नाही' असंही सांगायची त्याची तयारी असते. स्वतःचं काम घालवणारा सल्ला जो देतो, त्याच्यावर विश्वास टाकायला हरकत नाही.

पैसे नाहीत, वकील कुठून आणू?

कर्जात बुडालेल्या बाईचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. पुरुषाला उत्पन्नाची अट असते, बाईला नाही. तालुका विधी सेवा समितीकडं किंवा जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाकडं साधा अर्ज द्यायचा. १५१०० या नंबरवर फोन करूनही माहिती मिळते. 'फुकटचा वकील काय कामाचा' असं म्हणून नाक मुरडू नका. वर सांगितलेले सगळे प्रश्न त्यालाही विचारा. उत्तरं पटली नाहीत, तर वकील बदलून मागा.

आणि एक चांगली गोष्ट. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झालंय. कित्येक वर्षांची मागणी होती ती. वरच्या कोर्टात जायची वेळ आली, तर आता मुंबईची गाडी धरून कुणाच्या तरी दारात रात्र काढायला नको. पण कोर्ट जवळ आलं म्हणून आपला कागद आपोआप वाचला जात नाही. तो आपणच वाचायचा. ई-कोर्टच्या साइटवर आपल्या खटल्याचा नंबर टाकला, की पुढची तारीख मोबाइलवर दिसते. घरातल्या शाळकरी पोरीकडून शिकून घ्या. 'वकीलसाहेब सांगतील तेव्हा जाऊ' असं म्हणून तारखा चुकवू नका.

वहिनींनी शेवटी पंचवीस हजार दिले नाहीत. विधी सेवा समितीतून त्यांना वकीलबाई मिळाल्या. त्यांनी दोन तास कागद बघितले, चेकच्या नोटिशीला मुदतीत उत्तर दिलं आणि व्यापाऱ्याशी हप्त्यांची बोलणी लावली. पतसंस्थेत एकरकमी परतफेडीसाठी अर्ज केला. नादारीचा विषय त्यांनी बाजूला ठेवलाय. 'गरज पडली तर तुमची आणि मालकांची वेगवेगळी बघू' म्हणाल्या. आठातले तीन माग विकावे लागतील असं दिसतंय. कर्ज संपलेलं नाही, सुटका झालेली नाही. पण आता कुठल्या पाकिटात काय आहे, हे वहिनींना ठाऊक आहे.

परवा त्यांचा फोन आला. मालकांनी पुन्हा कसला तरी कागद सहीसाठी पुढं केला होता. वहिनी म्हणाल्या, "मी म्हटलं, थांबा. चष्मा आणतो आधी."